वाचकांचे प्रश्न : झ्यूसच्या आधीचे देव

ग्रीक पुराणकथांतील टायटन, म्हणजे झ्यूस आणि त्याच्या भावंडांच्या आधीची देवांची पिढी, यांच्याविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. जिथे प्राचीन ग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत तिथे कोणी काय म्हटले आहे ते वेगवेगळे सांगितले आहे. त्या सगळ्यांची सरमिसळ करून एकच कथा रचली की या विषयातल्या बहुतेक चुका सुरू होतात.

प्रश्न : टायटन नक्की किती? एका पुस्तकात १२, दुसऱ्यात १३, आणि ॲटलस, प्रोमिथियस यांना धरले तर आणखीच वाढतात.

उत्तर : १२ ही संख्या हेसिअडची. बिओशिया प्रांतातल्या या कवीने इ.स.पू. ७०० च्या सुमारास ‘थिऑगनी’ हे देवांच्या वंशावळीचे काव्य रचले. टायटनांची आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी पूर्ण यादी त्यातलीच. आधी केऑस, म्हणजे आ वासलेली पोकळी. मग गाइया म्हणजे पृथ्वी, टार्टरस म्हणजे तिच्याखालची खोल गर्ता, आणि ईरॉस म्हणजे प्रेम. गाइयाने कोणाच्या साथीशिवाय युरेनसला, म्हणजे आकाशाला, जन्म दिला आणि पुढे त्याच्यापासून तिला सहा मुलगे व सहा मुली झाल्या. मुलगे : ओशनस, कोयस, क्रायस, हायपेरिऑन, आयपेटस आणि सर्वांत धाकटा क्रोनस. मुली : थिया, रिया, थेमिस, नेमोसिनी, फीबी आणि टेथिस.

तेरावे नाव डायोनीचे. अपोलोडोरसच्या नावावर चालत आलेला, रोमन काळातला कथासंग्रह तिला टायटन बहिणींत बसवतो. हेसिअड मात्र तिला ओशनसच्या मुलींत मोजतो.

ॲटलस, प्रोमिथियस, हेलिऑस, लेटो ही टायटनांची मुले. प्राचीन कवीही त्यांना कधीकधी टायटन म्हणतात, त्यामुळे तसे म्हणणे चुकीचे नाही. पण वंशवृक्ष काढताना ही दुसरी पिढी वेगळ्या ओळीत घ्या. शिवाय युरेनस आणि गाइया यांना आणखी सहा मुले झाली आणि ती टायटन नव्हेत : ब्रॉन्टीस, स्टेरोपीस आणि आर्जीस हे तीन एकाक्ष सायक्लॉप्स, तर कॉटस, ब्रायेरिअस आणि गायजीस हे प्रत्येकी १०० हात व ५० डोकी असलेले तिघे. या सहांना वगळले तर पुढचे युद्ध कोणाच्या बळावर जिंकले गेले तेच कळत नाही.

प्रश्न : भित्तिपत्रकासाठी प्रत्येक टायटनसमोर त्याची शक्ती लिहायची आहे. कोयस, क्रायस, थिया, आयपेटस यांच्यापुढे प्रत्येक ठिकाणी वेगळेच काहीतरी लिहिलेले सापडते. खरे काय धरायचे?

उत्तर : एका पात्राला एक ठरलेली शक्ती, ही मांडणी आजच्या खेळांतून आणि चित्रकथांतून आली आहे. प्राचीन ग्रंथांत अशी यादी कुठेही नाही. टायटनचे सामर्थ्य तीन ठिकाणी शोधावे लागते. कवी त्याच्याविषयी थेट काय सांगतात? त्याची मुले-नातवंडे कोण? आणि त्याची कुठे पूजा होत होती का? तिन्हीकडे काही हाती लागले नाही तर तक्त्यातली ती जागा कोरी ठेवा. तुमचा तक्ता त्यामुळे इतरांपेक्षा अधिक खरा ठरेल.

सोप्या नावांपासून सुरुवात करू. ओशनस म्हणजे पृथ्वीला वेढा घालून वाहणारी महानदी. त्याच्यापुढे ‘समुद्राचा देव’ असे हमखास लिहिले जाते आणि तक्ता तिथेच चुकतो. खारा समुद्र हेसिअडकडे पाँटस हा वेगळा देव आहे आणि पुढे त्यावर सत्ता येते ती पोसायडनची. ओशनस आणि टेथिस यांना ३००० मुली आणि तितक्याच नद्या झाल्या. हेसिअड त्यांतल्या २५ नद्या आणि ४१ मुली नावानिशी सांगतो आणि मग म्हणतो की बाकीच्या नद्यांची नावे सांगणे एका माणसाचे काम नाही, ज्या त्या काठावर राहणाऱ्यांना ती ठाऊक असतात. टेथिसचा घोळ अकिलीसची आई थेटिस हिच्याशी होतो. त्या दोघी वेगळ्या. थेटिस ही समुद्रदेव नेरिअसची मुलगी आणि पाँटसची नात.

थेमिसकडे जगाची रीत आणि न्याय. झ्यूसपासून तिला सुव्यवस्था, न्याय आणि शांती या तीन ऋतुदेवता झाल्या. नियतीच्या तीन देवताही हेसिअड एका ठिकाणी तिच्याच मुली सांगतो, दुसऱ्या ठिकाणी रात्रीच्या. दोन्ही नोंदवून ठेवा. नेमोसिनीकडे स्मृती. पिएरियात नऊ रात्री झ्यूससोबत राहिल्यावर तिला नऊ म्यूझ, म्हणजे काव्य-कलांच्या देवता, झाल्या, आणि काव्य तोंडी चालत असे त्या काळात कवीचे सगळे भांडवल स्मृतीच होते. रिया देवांची आई. तिच्यासोबत दिसणारे सिंह आणि डफ मात्र मूळचे फ्रिजियाच्या सिबिली देवीचे आहेत, दोघींना एक मानल्यावर ते रियाकडे आले.

हायपेरिऑन आणि थिया यांची मुले म्हणजे सूर्य हेलिऑस, चंद्रदेवी सेलीनी आणि उषा ईऑस. म्हणून हायपेरिऑनपुढे आकाशातला प्रकाश लिहायला हरकत नाही. होमर तर हे नाव खुद्द सूर्याचे म्हणूनच वापरतो. थियाबद्दल पिंडार या कवीने एक सुंदर गोष्ट सांगितली आहे. इस्थमसच्या खेळांतील विजेत्यासाठी रचलेल्या एका गीताच्या आरंभी तो तिला सूर्याची अनेक नावांची माता म्हणतो आणि सांगतो की सोन्याला माणसे सर्वांहून मोलाचे मानतात ते तिच्यामुळे. ‘चकाकणाऱ्या वस्तूंचे मोल’ ही तिची शक्ती लिहिली तर तिला खरा आधार आहे.

फीबीच्या बाबतीत नाटककार एस्किलस मदतीला येतो. डेल्फीचे भविष्यपीठ आधी गाइयाचे, मग थेमिसचे, मग फीबीचे, आणि फीबीने ते नातू अपोलोला वाढदिवसाची भेट म्हणून दिले, असे त्याच्या नाटकात डेल्फीची पुजारीण सांगते. तिचा नवरा कोयस मात्र लेटो आणि अस्टीरिया यांचा बाप, एवढीच त्याची कामगिरी. त्याच्यापुढे लिहिली जाणारी ‘बुद्धी’ किंवा ‘आकाशाचा अक्ष’ हे पुढच्यांनी नावांवरून बांधलेले अंदाज आहेत. क्रायसही तसाच. त्याचे स्वतःचे कृत्य एकही नाही, पण युरिबियापासून झालेली अस्ट्रिअस, पॅलस आणि पर्सीस ही मुले पाहा : अस्ट्रिअसपासून वारे आणि तारे, पॅलसपासून विजयदेवता नायकी, पर्सीसपासून हेकटी. क्रायसच्या नावे एवढा वंश लिहिला तरी पुरे. आयपेटसपुढे ‘भाल्याचा देव’ किंवा ‘मृत्यूचा देव’ लिहिलेले दिसते. त्याला प्राचीन आधार नाही. तो ॲटलस, मेनीशियस, प्रोमिथियस आणि एपिमिथियस यांचा बाप, आणि होमरने क्रोनसच्या जोडीला टार्टरसमध्ये बसलेला म्हणून नाव घेतलेला एकमेव टायटन.

आणखी एक लोकप्रिय चूक. कोयस, क्रायस, हायपेरिऑन, आयपेटस या चौघांनी चार दिशांनी युरेनसला धरून ठेवले आणि क्रोनसने घाव घातला, म्हणून ते चार दिशांचे खांब, असे अनेक ठिकाणी ठामपणे छापलेले असते. हेसिअडकडे क्रोनस एकटाच दबा धरून बसतो. अपोलोडोरस सांगतो की ओशनस सोडून सगळ्यांनी हल्ला केला. चार दिशांचे चार खांब दोघांकडेही नाहीत.

सिसिलीचा डायोडोरस (इ.स.पू. पहिले शतक) टायटनांना प्राचीन शोधक माणसे मानतो : हायपेरिऑनने निरीक्षणाने सूर्य-चंद्राची गती ओळखली, नेमोसिनीने वस्तूंना नावे दिली, वगैरे. हे वापरायचे असेल तर ‘डायोडोरसच्या मते’ असे लिहूनच वापरा.

प्रश्न : क्रोनस हा काळाचा देव ना? हातातला कोयता त्याचेच चिन्ह ना?

उत्तर : नाही. काळ (ग्रीकमध्ये ‘ख्रोनॉस’) आणि क्रोनस ही दोन वेगळी नावे आहेत. ग्रीकमध्ये उच्चार जवळचे असल्यामुळे त्यांची गाठ घातली गेली. ही गाठ मात्र जुनी आहे. इ.स. १०० च्या आसपास प्लुटार्कने नोंदवले आहे की क्रोनस म्हणजे काळाचे रूपक असे काही ग्रीक सांगतात. ऑर्फिक पंथाच्या काव्यांत तर काळ हा स्वतंत्र आदिदेव म्हणून येतो. पांढरी दाढी, कोयता आणि वाळूचे घड्याळ घेतलेला ‘काळपुरुष’ ही आकृती युरोपात फार नंतर घडली.

कथेतला कोयता वेगळ्या कामाचा आहे. गाइयाने राखाडी अभेद्य धातू घडवून त्याला दातेरी पाते दिले आणि ते क्रोनसच्या हाती ठेवले, कारण युरेनस तिच्या मुलांना जन्मताच तिच्या पोटात परत कोंडत होता आणि ती वेदनेने कण्हत होती. क्रोनसने बापाचे जननेंद्रिय कापले. रक्ताच्या थेंबांतून सूडाच्या एरिनीज, जायंट्स आणि मेलिया अप्सरा जन्मल्या. समुद्रात पडलेल्या भागाभोवतीच्या फेसातून ॲफ्रोडायटी.

ज्या गोष्टीसाठी ग्रीक माणूस क्रोनसला प्रेमाने आठवत असे ती दुसरीच : त्याच्या राज्यातली सुवर्णपिढी, जिला कष्ट आणि म्हातारपण ठाऊक नव्हते आणि जमीन आपणहून पिकत होती. अथेन्समध्ये हेकाटोंबिऑन महिन्याच्या १२ तारखेला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, क्रोनिया हा सण असे आणि त्या दिवशी मालक आणि गुलाम एकत्र जेवत. मुले गिळणारा क्रूर बाप आणि सुवर्णयुगाचा राजा, दोन्ही एकच देव; तक्त्यात एकच बाजू लिहू नका.

प्रश्न : क्रोनसने गिळलेली मुले पोटात जिवंत कशी राहिली? आणि देव अमर असतील तर त्यांचा पराभव होतो म्हणजे काय होते?

उत्तर : हा प्रश्न सगळ्या विषयाच्या मुळाशी जातो. ग्रीक देव मरत नाही, म्हणून त्याला मारण्याचा विचार कोणी करत नाही. त्याला कोंडायचे असते. युरेनस मुलांना गाइयाच्या पोटात कोंडतो, क्रोनस स्वतःच्या पोटात, झ्यूस टार्टरसमध्ये. जिथे कोंडले ती जागा फुटली की सत्ता गेली.

हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस आणि पोसायडन या क्रमाने पाच मुले, एक मुलगा आपली सत्ता घेईल या भीतीने, क्रोनसने गिळली. सहाव्या वेळी रियाने क्रोनसला बाळाच्या कपड्यात गुंडाळलेला दगड दिला आणि झ्यूस क्रीटमध्ये वाढला. ओकताना क्रम उलटा झाला : शेवटी गिळलेला दगड आधी बाहेर आला. म्हणजे पहिली जन्मलेली हेस्टिया सर्वांत शेवटी, आणि म्हणूनच ती थोरलीही आणि धाकटीही म्हणवते. ओकायला लावले कसे? हेसिअड गाइयाच्या युक्तीचा मोघम उल्लेख करतो. ओशनसची मुलगी मेटिस हिने औषध पाजले हा तपशील अपोलोडोरसचा. तो दगड झ्यूसने डेल्फीला रोवला. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियस या प्रवाशाने तिथे एक फारसा मोठा नसलेला दगड पाहिला. त्यावर रोज तेल ओतले जाई आणि सणाला न कातलेली लोकर ठेवली जाई.

पराभूत देवाचे काय होते हे युरेनसवरून नीट कळते. घाव बसल्यावर तो नाहीसा होत नाही. क्रोनसला त्याच्या मुलाकडून धोका आहे हे तोच गाइयासोबत सांगतो, रियाला क्रीटचा मार्ग तेच दोघे दाखवतात, आणि मेटिसचा मुलगा तुझी सत्ता घेईल असा इशारा झ्यूसलाही तेच देतात. झ्यूस मग गरोदर मेटिसलाच गिळतो. आधीच्या दोघांनी मुलांना कोंडले. झ्यूसने आईलाच पोटात घेतले आणि तिची अक्कलही सोबत मिळवली. त्याची सत्ता टिकली याचे एक कारण हे.

देवाला मृत्यूच्या जवळ नेणारी एकच शिक्षा हेसिअड सांगतो. पाताळातली नदी स्टिक्स हिच्या पाण्याची शपथ मोडणारा देव पूर्ण एक वर्ष श्वास आणि वाचा गमावून पडून राहतो, मग नऊ वर्षे देवांच्या सभेतून व पंगतीतून बाहेर. दहाव्या वर्षी परत.

प्रश्न : टायटनांशी झालेले युद्ध दहा वर्षे का रखडले आणि निकाल कशाने लागला?

उत्तर : टायटन ऑथ्रिस पर्वतावर, झ्यूसची बाजू ऑलिंपसवर, दोन्ही उत्तर ग्रीसमध्ये, मध्ये थेसलीचे मैदान. दोन्हीकडे अमर देव, बळ सारखे. दहा वर्षे कोणाचेच पारडे झुकेना ते यामुळे.

झ्यूसने निकाल फिरवला तो माणसे, म्हणजे देव, जोडून. जो माझ्या बाजूने लढेल त्याचे जुने मान मी काढून घेणार नाही आणि ज्याला क्रोनसने काही दिले नाही त्याला मी देईन, असे त्याने जाहीर केले. सर्वांत आधी आली ओशनसची मुलगी स्टिक्स, आपली चार मुले घेऊन : चुरस, विजय, सामर्थ्य आणि बळजोरी. देवांची शपथ तिच्या पाण्यावर घेतली जाते ती या निष्ठेचे बक्षीस म्हणून. मग कोंडलेल्यांची सुटका. हेसिअडकडे सायक्लॉप्स आधी सुटतात आणि झ्यूसला मेघगर्जना, वीज आणि वज्र देतात. शंभर हातांचे तिघे दहाव्या वर्षी गाइयाच्या सल्ल्यावरून वर आणले जातात, त्यांना अमृतान्न देऊन ताकद भरली जाते. अपोलोडोरस दोघांची सुटका एकत्र सांगतो, कँपी नावाच्या पहारेकरणीला मारून. पोसायडनचा त्रिशूळ आणि हेडीसचे शिरस्त्राण सायक्लॉप्सनी दिले हेही त्याच्याकडचे.

शेवटच्या दिवशी झ्यूस हात न राखता वज्रे फेकतो. जंगले पेटतात, ओशनसचे प्रवाह उकळतात, टायटनांचे डोळे दिपतात. पण त्यांना जमिनीखाली गाडतात ते शंभर हातांचे तिघे, एका दमात ३०० शिळा फेकून. हिशेब सरळ आहे : तिघांचे मिळून हात ३००. पहारेकरी म्हणूनही पुढे तेच.

टार्टरस किती खोल? आकाशातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोहोचेल, आणि पृथ्वीवरून सोडली तर तितकाच वेळ घेऊन टार्टरसला. होमर हे अंतर हेडीसच्या, म्हणजे मृतांच्या लोकाच्या, खालून मोजतो. भोवती काशाची भिंत, दारे पोसायडनने बसवलेली.

सगळे टायटन तिथे गेले असे समजू नका. त्या शेवटच्या दिवशी दोन्हीकडचे स्त्री-पुरुष सगळेच लढले असे हेसिअडची एक ओळ म्हणते, पण थेमिस आणि नेमोसिनी नंतर झ्यूसशी संसार करतात आणि फीबी डेल्फी सांभाळते. ओशनस तर युद्धाच्या बाहेरच होता. ‘इलियड’मध्ये हेरा सांगते की क्रोनसला पृथ्वीखाली ढकलले त्या काळात ओशनस आणि टेथिस यांनीच आपल्या घरी तिला वाढवले.

प्रश्न : ॲटलसने खांद्यावर पृथ्वी घेतली आहे ना?

उत्तर : पृथ्वी नव्हे, आकाश. जगाच्या पश्चिम टोकाला, हेस्पेरिडीस या अप्सरांच्या जवळ उभा राहून तो आकाश पेलतो. चूक होते ती शिल्पांतल्या गोलामुळे. नेपल्सच्या संग्रहालयातल्या ‘फार्नेझे ॲटलस’ या रोमन संगमरवरी मूर्तीचा गोल जवळून पाहिला तर त्यावर तारकासमूह कोरलेले दिसतात. चित्र काढणार असाल तर गोलावर खंड काढू नका, तारे काढा.

प्रश्न : टायटन आणि जायंट्स एकच का?

उत्तर : नाहीत. जायंट्स युरेनसच्या रक्तातून जन्मले, त्यांचे युद्ध नंतरचे, आणि त्यात एक अट होती : मर्त्य माणसाच्या मदतीशिवाय देव त्यांना मारू शकणार नाहीत. म्हणून हेरॅक्लीसला बोलावले गेले. पायांच्या जागी साप दिसले तर तो जायंट समजावा. मात्र जुन्या चित्रांत जायंट्स साध्या चिलखती योद्ध्यांसारखे असतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या, आता बर्लिनमध्ये असलेल्या पर्गमनच्या वेदीवर हेच युद्ध कोरले आहे, आणि तिथे फीबी, अस्टीरिया, ओशनस, टेथिस देवांच्या बाजूने लढताना दिसतात. ‘टायटन म्हणजे देवांचे शत्रू’ हे समीकरण किती अपुरे आहे ते त्या एका शिल्पपट्टावरून कळते.

प्रश्न : टायटन म्हणजे ग्रीकांचे असुर असे म्हणावे का?

उत्तर : साम्य वरवरचे आहे. देव आणि असुर एकाच पित्याची मुले, एकाच काळातली, आणि त्यांची युद्धे पुन्हा पुन्हा होतात. टायटन ही आधीची राज्यकर्ती पिढी, झ्यूस क्रोनसचा सख्खा मुलगा, युद्ध एकदाच. त्यांच्या राज्यात सुवर्णयुग होते ही आठवणही लक्षात घ्या.

खरे जवळचे नाते पूर्वेच्या शेजाऱ्यांशी आहे. आजच्या तुर्कस्तानात हित्ती साम्राज्याची राजधानी हातुशा इथे सापडलेल्या इष्टिकांवर, हेसिअडच्या सुमारे ५०० वर्षे आधी, अशीच कथा लिहिलेली आहे. अलालूला अनू हटवतो, नऊ वर्षांनी कुमार्बी अनूचे, म्हणजे आकाशदेवाचे, जननेंद्रिय चावून तोडतो आणि त्यातूनच त्याच्या पोटात वादळाचा देव वाढतो. दुसऱ्या एका हित्ती काव्यात आकाश आणि पृथ्वी वेगळे करण्यासाठी वापरलेले तांब्याचे जुने पातेही येते. कापणे, गिळणे, पोटातून वादळाचा देव बाहेर येणे : क्रम हुबेहूब नाही, पण घटक तेच.

प्रश्न : टायटन अजून टार्टरसमध्येच आहेत का? त्यांच्या राखेतून माणूस झाला हे खरे का?

उत्तर : हेसिअडच्या ‘थिऑगनी’त ते कायमचे आत आहेत. पिंडार मात्र एका गीतात झ्यूसने टायटनांना सोडले असे स्पष्ट म्हणतो आणि दुसऱ्या गीतात क्रोनसला पुण्यवानांच्या बेटावर राज्य करताना दाखवतो. एस्किलसच्या, आता तुकड्यांतच उरलेल्या, प्रोमिथियसवरील नाटकात सुटलेल्या टायटनांचा समूहच रंगमंचावर येत असे.

राखेची कथा वेगळ्या, ऑर्फिक परंपरेतली. त्यात टायटन बाल डायोनायससचे तुकडे करतात आणि झ्यूस त्यांना विजेने जाळतो. राखेतून माणूस, ही जोड स्पष्टपणे मिळते ती फार उशिरा, इ.स. सहाव्या शतकातल्या ऑलिंपिओडोरसकडे. ती हेसिअडच्या कथेत घुसडू नये.

प्रश्न : या देवांची प्रत्यक्ष पूजा होत होती का?

उत्तर : काहींची होत होती, आणि विषयाचा हा भाग सर्वांत कमी वाचला जातो. ऑलिंपियात क्रोनसच्या नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर वसंतसंपाताच्या सुमारास बेसिली नावाचे पुजारी त्याला बळी देत. अथेन्समध्ये क्रोनस आणि रिया यांचे एकत्र मंदिर होते. रॅम्नसला थेमिसचे छोटे मंदिर होते. तिथला, केरेस्ट्रेटसने इ.स.पू. ३०० च्या सुमारास घडवलेला तिचा पुतळा आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. रोड्स बेटाचा मुख्य देव हेलिऑसच, इ.स.पू. २८० च्या सुमारास त्याची सुमारे ३३ मीटर उंचीची काशाची मूर्ती तिथे पुरी झाली आणि अर्धशतकाच्या आसपास उभी राहून भूकंपात कोसळली.

नेमोसिनीचे सामर्थ्य कसे ‘वापरले’ जाई ते लेबेडियातल्या ट्रोफोनियसच्या भविष्यपीठावरून कळते. पॉसेनियसने स्वतः हा विधी केला होता. प्रश्न विचारणाऱ्याने आधी ठरावीक दिवस एका वास्तूत राहायचे, गरम पाण्याला शिवायचे नाही, हर्किना नदीतच अंघोळ करायची. ट्रोफोनियससोबत अपोलो, क्रोनस, झ्यूस, हेरा आणि डिमीटर यांना बळी द्यायचे. रात्री १३ वर्षांच्या आसपासची दोन मुले त्याला नदीवर नेऊन तेल लावून न्हाऊ घालत. मग दोन झरे : आधी विस्मृतीचे पाणी, म्हणजे तोवरचे सगळे विचार पुसले जावेत, नंतर नेमोसिनीचे, म्हणजे आत जे दिसेल ते ध्यानात राहावे. मधात मळलेल्या सातूच्या पोळ्या हातात घेऊन तो अरुंद भोकातून पाय पुढे करून आत जाई. बाहेर आल्यावर पुजारी त्याला नेमोसिनीच्या आसनावर बसवून काय पाहिले ते विचारत, आणि त्याला ते पाटीवर लिहून अर्पण करावे लागे. दोन पाण्यांचा क्रम उलटला तर सगळा विधीच निरर्थक, कारण पाहिलेलेच पुसले जाईल.

प्रश्न : शनीच्या उपग्रहांना टायटनांची नावे कशी मिळाली?

उत्तर : रोमनांनी क्रोनसला सॅटर्न मानले, म्हणून त्याच्याभोवती त्याची भावंडे असावीत असे १८४७ मध्ये जॉन हर्शलने सुचवले. टायटन हा उपग्रह हायगेन्सने १६५५ मध्येच शोधला होता. रिया, टेथिस, डायोनी, आयपेटस ही नावे हर्शलच्या सूचनेनंतरची. हायपेरिऑन १८४८ मध्ये आणि फीबी १८९९ मध्ये सापडला. युरेनस ग्रहाच्या उपग्रहांशी गल्लत करू नका, ती नावे पुराणातली नाहीत.

प्रश्न : मूळ ग्रंथ वाचायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘थिऑगनी’ जेमतेम एक हजार ओळींची आहे, तरी सलग वाचू नका, मधल्या नावांच्या याद्यांत बहुतेक जण अडकून सोडून देतात. ओळींचे क्रमांक छापलेले भाषांतर घ्या. आधी ११६ ते २१० वाचा : केऑसपासून युरेनसच्या पाडावापर्यंत. तिथून थेट ४५३ ते ५०६, म्हणजे क्रोनस आणि दगड. मग ६१७ ते ८१९ : युद्ध, टार्टरस आणि स्टिक्सची शपथ. शेवटी ८८६ ते ९२९, झ्यूसचे विवाह. एवढे झाले की ३३७ ते ४५२ या ओळींकडे परत या. ओशनसच्या मुली, स्टिक्स आणि हेकटी तिथे आहेत, आणि आता त्या याद्या नीरस वाटणार नाहीत. वाचताना शेजारी मोठा कागद ठेवून प्रत्येक नाव आईच्या नावासकट लिहा. पॅलस, पर्सीस, क्लायमीनी अशी नावे एकाहून अधिक पात्रांना आहेत, आणि फक्त बापाचे नाव लिहिले की दोन वेगळी माणसे एका फांदीवर जाऊन बसतात. अपोलोडोरस त्यानंतर वाचा, आणि त्याचे जुळणारे व न जुळणारे तपशील वेगळ्या शाईने त्याच कागदावर टिपा.